कवीची गळती आणि आत्याचा नळ

आमच्या आत्याच्या घराला एक गळती होती आणि ती सरकारी होती. खोली आत्याची, म्हणजे भाड्याची. पण पलंगाच्या बरोबर वर छपराला जे बोटभर भोक होतं, ते शहराच्या मालकीचं. त्याला हात लावायचा नाही, त्यावर पत्रा टाकायचा नाही, त्यात चिंधी कोंबायची नाही, असं खाली दाराशी संगमरवरावर कोरून ठेवलेलं. लोक आपल्या दारावर आपलं नाव लावतात. आत्याच्या दारावर भोकाचं नाव होतं.

त्याचं असं झालं, की फार वर्षांपूर्वी त्या खोलीत एक कवी राहत असे. तरुण, कडका, प्रेमात पडलेला आणि बारा महिने खोकणारा. एका पावसात छप्पर गळायला लागलं. दुसरा कोणी असता तर उठून पलंग सरकवला असता. हा तसाच पडून राहिला आणि त्याला वाटलं, हे थेंब नाहीत, जिना चढून येणाऱ्या तिची पावलं आहेत. सकाळी त्यानं कविता लिहिली. ती इतकी गाजली, की आमच्या शहरातलं पोर तोंड धुवायला शिकायच्या आधी ती कविता शिकतं. कवी पुढे शहर सोडून गेला, पण शहरानं काही कवीला सोडलं नाही. वरच्या भागात प्रत्येक बाकावर एकेक ओळ आहे, दिव्यांचे खांब बोरूसारखे तासलेले आहेत, आणि हॉटेलांची नावं 'पहिला थेंब', 'तिची पावलं' अशी. मी आत्याकडे राहून तिथल्याच एका दुकानात गळक्या छपराचं चित्र असलेले कप विकायचे. कप मात्र गळका चालत नसे. कप गळला तर गिऱ्हाईक तो परत आणून आपटायचं. घर गळलं तर त्याला वारसा म्हणायचे.

शहराला वरचा आणि खालचा असे दोन भाग आहेत, हे पाहुण्यांना वाटल्या जाणाऱ्या नकाशात नाही. नकाशा शेवटच्या सुंदर दिव्यापाशी संपतो. आमची गल्ली जिथे यायला हवी, तिथे त्यांनी दिशा दाखवणारा बाण छापलाय. कवीच्या घराची खूण म्हणून एक निळा थेंब आहे, तो कोऱ्या कागदावर एकटाच लोंबकळत असतो. जणू घर आहे, पण त्याला गल्ली नाही, शेजार नाही, उकिरडा नाही.

आत्या त्या थेंबात राहून इस्त्री करायची. वरच्या हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, वेटरांचे सदरे, सगळं तिच्याकडे यायचं. अंगानं काडी, आवाजानं पहिलवान. तिनं घडी घातलेला सदरा उभा केला तर भिंतीला टेकून उभा राहील असा कडक. आयुष्यभर गळत्या छपराखाली तिनं दुसऱ्यांचे कपडे कोरडे ठेवले. पाऊस आला की मेणकापड आधी चादरींवर, मग स्वतःवर. कवीबद्दल तिचं मत एका वाक्यात संपायचं. "मेल्याला एक कौल सरकवता आलं नाही?"

गळतीशी तिचं एकवेळ जमलं असतं. तिचं खरं भांडण जिन्याशी होतं. गल्लीला पाणी नव्हतं. उताराच्या तळाशी टँकर यायचा, तिथून बादल्या भरून चढ चढायचा, मग तो अरुंद, अंधारा जिना अगदी वरपर्यंत. इस्त्रीला पाणी लागतं, माणसालाही लागतं. तिचा उजवा गुडघा त्या जिन्यानं खाल्ला. डॉक्टरांनी सांगितलं, "पायऱ्या बंद, वजन बंद."

"मग पाणी काय तुम्ही आणून घालणार?" आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला. आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पाणी आणता आलं नाही तर खोली सोडावी लागणार, खोली सोडली तर हॉटेलांचं काम जाणार, कारण ती इतक्या जवळ आहे म्हणून तर काम तिच्याकडे यायचं. तिला जगातलं दुसरं काही नको होतं. खोलीत एक नळ हवा होता.

त्यासाठी तिनं वारसा समितीच्या कचेरीत चपला झिजवल्या. समितीचे चिटणीस मोठे रसिक गृहस्थ. बोलताना डोळे मिटून घ्यायची त्यांना सवय होती, त्यामुळे समोर काय आहे हे त्यांना सहसा दिसत नसे.

"बाई, त्या भिंतीला भोक पाडता येणार नाही," ते डोळे मिटून म्हणाले. "कवीच्या वेळी तिथे नळ नव्हता."

"कवीच्या वेळी मीही नव्हते. मग मलाही काढून टाका."

"तो विचार चालू आहे," चिटणीस म्हणाले.

त्यानंतर आत्या बरेच दिवस नळाचं नाव काढत नव्हती.

घरात तिला साथ मिळावी तर आतोबा दुसऱ्याच तालावर. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, वरच्या भागात कवीच्या नावाच्या बागेत कारंज्यावर कामाला होते. सकाळी कारंजं चालू करायचं, संध्याकाळी बंद करायचं, आणि मधल्या वेळात त्यात कोणी पाय बुडवू नये म्हणून शिट्टी वाजवायची. दिवसभर ते उडत्या पाण्यासमोर बसायचे आणि घरी येऊन अर्ध्या तांब्यात हातपाय धुवायचे. पण तक्रार नाही. उलट छाती फुगलेली. "आपण कुठे राहतो, ठाऊक आहे का? लोक लांबून बघायला येतात. नशीब लागतं त्याला."

"हो ना, वरून गळतंय नशीब," आत्या म्हणायची. "कारंज्यातून येताना एक बादली घेऊन या की."

"ते शोभेचं पाणी आहे!" आतोबा असे दचकायचे, की जणू तिनं त्यांना देवळातली घंटा चोरायला सांगितली.

दुपारी पाहुणे यायचे. पुढे छत्री उंच धरलेला गाईड, मागे जिना चढून धापा टाकणारे लोक. आत्या इस्त्री करत असायची, ते तिला वळसा घालून पलंगाभोवती उभे राहायचे. गाईड ओठांवर बोट ठेवून म्हणायचा, "ऐका." सगळे वर बघायचे. आत्याचा अभ्रा जळायचा बाकी असायचा, कारण कोणीतरी हमखास इस्त्रीची वायर पायात अडकवून घ्यायचं.

आणि एका कोरड्या मोसमात घोळ झाला. कोणी एक बडा पाहुणा खास थेंबासाठी आला आणि थेंबच पडेना. उन्हाळ्यात छप्पर गळत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो वर्तमानपत्राकडे गेला. 'कवीच्या शहराचा कोरडेपणा' असा मोठा मथळा आला आणि समितीच्या तोंडचं पाणी पळालं. गल्लीच्या तोंडचं पाणी कधीचंच पळालेलं होतं, पण त्याला मथळा नव्हता. समितीची तातडीची बैठक भरली, आणि आठवडा उलटायच्या आत टेकडीवरच्या हॉटेलांच्या मोठ्या लाइनला जोड मारून एक पाइप खाली आणला गेला. थेट आमच्या छपरावर. कौलांच्या मागे एक टाकी बसली. ती जुनी दिसावी म्हणून तिला शेवाळी रंग फासला.

आत्या पलंगावर उभी राहून भोकातून वर बघत होती. वरून प्लंबरचा डोळा दिसत होता.

"काय बसवतोयस रे?"

"पाणी, काकू."

"कोणाला?"

"भोकाला."

"अरे, मग इथवर आलाच आहे पाइप तर हातभर खाली सोड ना. माझ्या मोरीत."

"हुकूम भोकापर्यंतचाच आहे, काकू." प्लंबर भला माणूस होता. त्याच्या आवाजात ओशाळेपणा होता. "आणि तेसुद्धा थेंब-थेंबच."

आत्या पलंगावरून उतरली. मला वाटलं, आता चिटणीसांचं काही खरं नाही. पण ती एक शब्द बोलली नाही. एक अभ्रा घेतला आणि त्यावर इस्त्री फिरवत राहिली. आत्या बडबड करते तेव्हा काळजी नसते. ती गप्प बसली की समोरच्यानं आवरून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी थेंबाखाली तिची निळी प्लास्टिकची बादली होती. चिटणीस पाहणीला आले आणि बादली पाहून त्यांना घेरी यायची वेळ आली.

"बाई! कवितेत बादली नाही!"

"मग कवी भिजत झोपला?" आत्यानं विचारलं. "काहीतरी ठेवलं असेलच ना खाली. नुसत्या जमिनीवर थेंब पडला तर पावलासारखा वाजतो का? वाजवून बघा. तांब्याचं काहीतरी मोठं हवं. घुमतं."

चिटणीसांनी डोळे मिटून कल्पना केली आणि त्यांना ते घुमणं ऐकू आलं. समितीच्या खर्चानं एक तांब्याचा हंडा आला, चांगला पोटभर मोठा. पण थेंब पडून पडून संध्याकाळपर्यंत त्याच्या तळाला जेमतेम ओल लागायची. तेव्हा आत्यानं मला समोर बसवलं.

"ती कविता काय आहे, ते मला नीट सांग. पहिल्यापासून."

साऱ्या शहरात ती कविता न येणारी माझी आत्याच. ती शाळेत गेली नव्हती, आणि गाईड रोज म्हणायचा त्याकडे तिनं कधी कान दिला नव्हता. मी सांगत गेले आणि ती भाजी निवडावी तशी ऐकत गेली, कामाचं ठेवून बाकीचं बाजूला टाकत. पहिल्या कडव्यात ती जिन्याच्या तळाशी आहे. दुसऱ्यात ती लाजते, थांबते. तिसऱ्यात पुन्हा एक पायरी.

"ही रिकाम्या हातानं चढतेय ना?" आत्यानं मध्येच विचारलं. "मग एवढी थांबते कशाला? बरं, शेवटी काय?"

"शेवटी तिला राहवत नाही आणि ती धावत येते."

"धावत?" आत्याचा चेहरा असा खुलला, की कवी असता तर त्यानं त्यावर दुसरी कविता लिहिली असती. "अगं, मग आधी सांगायचं नाही का!"

चिटणीस पुढच्या वेळी आले तेव्हा आत्यानं त्यांना चहा दिला. हे कधी घडलेलं नव्हतं. मग ती अगदी पडेल आवाजात म्हणाली, "साहेब, मी अडाणी. पण मनाला लागून राहिलंय म्हणून विचारते. शेवटच्या कडव्यात ती धावत येते ना?"

"येते, बाई, येते," चिटणीसांनी डोळे मिटले.

"मग तिथेही थेंब-थेंबच कसा? धावणारं माणूस असं थेंब-थेंब धावतं का? पाहुणे लांबून येतात, आणि त्यांच्यासमोर ती बिचारी अखेरपर्यंत पायरी-पायरीनंच चढते. कवीला काय वाटत असेल!"

चिटणीसांनी डोळे उघडले. मी त्यांचे डोळे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, घारे होते. "बाई," ते म्हणाले, "इतकी वर्षं हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही."

प्लंबरला नवा हुकूम गेला. छपरावरच्या कॉकला एक दोरी बांधली, तिचं टोक दाराआड. गाईड शेवटच्या कडव्यावर आला की दोरी ओढायची. दोरी ओढायचं काम कोणाकडे, हे सांगायला नको. प्रेयसी जिन्यावरून धावत सुटायची, धार धो धो हंड्यात पडायची, पाहुणे रुमाल डोळ्यांना लावायचे आणि हंडा काठोकाठ भरायचा. दिवसातून जितक्या वेळा ती धावत आली, तितके हंडे भरले. गाईडच्या सदऱ्यांना आत्या फुकट इस्त्री करू लागली, तेव्हापासून तो शेवटचं कडवं 'खास आग्रहास्तव' पुन्हा म्हणू लागला.

गल्लीत ताकास तूर लागू द्यायची नाही, असं आत्यानं मला बजावलं होतं. पण समोरची शेजारीण डोळ्यांत तेल घालून बसलेली. टँकरपाशी आत्या दिसत नाही आणि दोरीवर धुणं मात्र रोज, हे गणित तिला सुटेना. एका दुपारी ती कळशी घेऊनच पाहुण्यांच्या मागे जिना चढली. आत्यानं तिच्याकडे पाहिलं, कळशीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ये. पण शेवटच्या कडव्यापर्यंत गप्प उभी राहा."

मग काय विचारता. दुसऱ्या दिवशी जिन्यावर खालपर्यंत रांग. कळश्या, डबे, तेलाची रिकामी पिंपं. गाईड आधी गडबडला, पण तो पोटावर कविता बांधून फिरणारा माणूस. वेळ मारून न्यायला त्याला कोणी शिकवायला नको. छत्री उंच करून तो म्हणाला, "या गल्लीतल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या, रोज, कवीच्या थेंबातलं थोडं पाणी घरी नेतात. प्रेमाची आठवण म्हणून." पाहुण्यांच्या अंगावर काटा आला. प्रेमाची आठवण पिंपात भरून घेताना बायका मागून ओरडत, "अहो, ते मधलं सोडा, शेवटचं घ्या! स्वयंपाक व्हायचाय!" आणि काही दिवसांत साऱ्या गल्लीच्या तोंडी एकच, शेवटचं कडवं. धुणं धुताना तेच, भांडताना तेच. आतोबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "मी म्हणत होतो ना," ते मला म्हणाले, "आपल्या लोकांनाही गोडी लागेल एक दिवस."

ते दिवस खरंच चांगले गेले. आत्याच्या गुडघ्याची सूज उतरली. ती इस्त्री करताना गुणगुणायची. मी तिला एकदा पकडलं, तर म्हणाली, "माणूस वाईट नव्हता गं. फक्त कामाचं शेवटी लिहायचा."

मग एका दुपारी टेकडीवरच्या 'तिची पावलं' हॉटेलात कोणी एक पाहुणा अंगभर साबण लावून उभा असताना वरचं पाणी बंद पडलं. खाली आमच्याकडे त्या वेळी प्रेयसी धावत होती. पाहुणा साबणासकट हॉटेलमालकाकडे गेला, मालक समितीकडे गेला. कविता मोठी, पण हॉटेल त्याहून मोठं. चिटणीसांनी हातोहात तोडगा काढला. टेकडीवरचा पाइप तोडला. हंड्याच्या बुडाला भोक पाडून तिथून एक नळी छपरावरच्या टाकीत नेली, मध्ये पंप बसवला. तेच पाणी खाली, तेच पाणी वर. शेवाळं धरू नये म्हणून त्यात औषध ओतलं. पाण्याला हिरवट झाक आली आणि फिनेलसारखा वास येऊ लागला. त्या शहराला भोकाशिवाय काही सुचतच नसे. एक छपराला होतं, ते पुरलं नाही, दुसरं हंड्याला पाडलं.

शेवटच्या कडव्याला धार मात्र तशीच. पाहुणे तसेच रडत. त्यांना फरक पडायचं कारण नव्हतं.

बायका टँकरकडे परतल्या. आत्याही. आणि काही दिवसांतच ती भरल्या बादल्यांसकट जिन्यात पडली. मी धावले तेव्हा ती पायरीवर बसलेली होती, सगळं पाणी तिच्या अंगावरून खाली ओघळत होतं. मी म्हटलं, "लागलं का गं?" तर ती हसायला लागली. म्हणाली, "आता माझी पावलं वाजतायत बघ." हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती माझा हात घट्ट धरून रडली. "सोडावी लागणार गं खोली." मला त्या कवीचा, त्या प्रेयसीचा, माझ्या दुकानातल्या त्या प्रत्येक कपाचा असा संताप आला, की दुसऱ्या दिवशी कामावर दोन कप माझ्या हातून फुटले. चुकून फुटले असं मी मालकाला सांगितलं.

नेमका त्याच सुमाराला समितीचा वार्षिक समारंभ आला आणि 'कवितेची राखण करणारी' म्हणून आत्याचा सत्कार ठरला. वरच्या सभागृहात. मऊ खुर्च्या, फुलं, प्रत्येक खुर्चीपाशी पाण्याची बाटली. आत्यानं बसल्या बसल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपाशीचीही बाटली पिशवीत टाकली. चिटणीसांनी तिला व्यासपीठावर नेलं आणि म्हणाले, "बाई, दोन शब्द बोला. मनातलं."

आत्या मनातलंच बोलली. आढेवेढे नाहीत.

"आम्हाला पाणी नाही. माझा गुडघा गेला. या घरात एक नळ द्या."

मी खुर्चीची कड धरून बसले होते. मग मागून कोणीतरी एक टाळी वाजवली, आणि बघता बघता सारे उठून उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे टिपत शेजाऱ्याला म्हणाल्या, "किती थोडक्यात! एकही विशेषण नाही!" चिटणीसांचे डोळे मिटलेले होते आणि त्यांतून धारा लागल्या होत्या. खऱ्या होत्या त्या, मी जवळून पाहिल्या. त्या माणसाच्या मनात पाप नव्हतं, हेच तर अवघड होतं.

पुढे एके दिवशी ते स्वतः जिना चढून आले. धापा टाकत, हसत.

"बाई, तुमचा नळ मंजूर झाला!"

आत्याच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. "माझा नळ?"

"तुमचाच. समितीनं एकमतानं. फक्त घरात नाही, चौकात बसवतोय. सगळ्यांना मिळायला हवा, असं ठरलं."

चौक म्हणजे आमची गल्ली जिथे वरच्या भागाला भेटते ती जागा. आत्यानं मनातल्या मनात ती वाट चालून पाहिली. चढ नाही. उतार नाही. राहता राहिला जिना, तर तो एका वेळी अर्धी बादली घेऊन चढता येईल. "चौकात तर चौकात," ती म्हणाली. "आणि साहेब, बरोबर आहे तुमचं. सगळ्यांनाच हवा." चिटणीस गेल्यावर तिनं खिडकीतून साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं.

चौकात पडदे लागले, आत ठोकाठोक सुरू झाली. गल्लीचा नूरच बदलला. भांडी घासूनपुसून चकचकीत झाली. पहिली कळशी कोणाची, यावरून दोन जावा बोलेनाशा झाल्या, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की पहिला मान आत्याचा. समोरच्या शेजारणीनं तर नळाखाली धुणं कोणी धुवायचं नाही, असे नियमसुद्धा करून टाकले. फक्त प्लंबर डोकं खाजवत होता. "माझ्याकडे तर काही काम आलं नाही, काकू."

"मोठं काम, मोठा प्लंबर आणला असेल," आत्या म्हणाली. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

उद्घाटनाला आत्यानं स्वतःच्या कपड्यांना इस्त्री केली. हे मी तिच्याकडे राहायला आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं. कळशी घेऊन ती सर्वांत पुढे, मागे गल्लीतल्या साऱ्या बायका, बादल्या, डबे, पिंपं. ते पाहून पाहुणे मंडळींनी फोटो काढून घेतले. चिटणीसांचा आनंद गगनात मावेना. "स्वतःहून आल्या!" ते सगळ्यांना सांगत होते. आतोबा तर कारंज्यावरची शिट्टी गळ्यात घालूनच आले होते, रांग लावायला. बँड वाजला. पडदा दूर झाला.

नळ होता. काशाचा, माणसाच्या उंचीचा, देखणा. वरच्या चावीवर पानंफुलं. दगडी चौथऱ्यावर सुबक अक्षरांत कोरलं होतं: आम्हाला पाणी नाही. माझा गुडघा गेला. या घरात एक नळ द्या. खाली बारीक अक्षरांत, 'एक अनामिक स्त्री'.

"काय लिहिलंय?" आत्यानं विचारलं. मी वाचून दाखवलं.

"अनामिक म्हणजे?"

"जिचं नाव कोणाला ठाऊक नाही अशी."

"अगं, पण चिटणीस तर मला चांगला ओळखतो!" म्हणत ती पुढे झाली. तिनं कळशी नळाखाली नीट टेकवली, हललं तर पाणी सांडेल म्हणून एक खडा लावून घट्ट केली, आणि दोन्ही हातांनी चावी धरली. बायका पुढे सरकल्या. ती चावी फिरेना. आत्यानं पदर खोचावा तशी बाही वर केली आणि पुन्हा जोर लावला. गुडघा धरून, दात आवळून. मला जाऊन तिचा हात धरायचा होता, पण माझे पाय हलले नाहीत. एव्हाना मला कळलं होतं. तिला कळलेलं नव्हतं.

चिटणीस तिच्या कानाशी वाकले. "बाई, ते शिल्प आहे. फिरत नाही."

"मग पाणी कधी येतं याला?"

"पाणी येत नाही, बाई." त्यांनी डोळे मिटले. "तहान, हाच त्याचा अर्थ आहे."

आत्यानं चावी सोडली. हात कपड्यांना पुसले. एवढ्या लोकांसमोर ती आता काय बोलणार, म्हणून सगळे थांबले होते, बँडवालेसुद्धा.

"साहेब," ती म्हणाली, "अर्थ आमच्याकडे भरपूर आहे. पाणी तुमच्याकडे आहे."

"वा!" मागून कोणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. चिटणीसांनी डोळे न उघडताच खिशातून पेन काढलं आणि तळहातावर काहीतरी लिहून घ्यायला लागले.

आत्यानं ते पेन पाहिलं. तिचं तोंड पुढचं बोलायला उघडलेलं होतं, ते तिनं मिटून घेतलं. तिनं ओठ आत दाबून धरले, आणि कोणी काही विचारलं तरी नुसती मान हलवत राहिली. कळशी उचलून ती वळली, बायकांनी वाट करून दिली, आणि आम्ही सगळ्याजणी उतार उतरायला लागलो. खाली टँकर येऊन उभा होता.